इलोनाचा वायरमन

अंजूरच्या केसरीनाथ वायरमनला टेनिस कळायचं, असं म्हटलं तर गावातली माणसं अजून हसतील. अंजुरात क्रिकेट कळतं, कबड्डी कळते, बैलांच्या शर्यतीबद्दल तर शेंबडं पोरही दोन गोष्टी सुनावेल. पण जाळीच्या अलीकडे-पलीकडे दोन बायका उभ्या राहतात, चेंडू बडवतात, एक चेंडू जिंकला की पंधरा म्हणतात, दुसरा जिंकला की तीस, आणि तिसऱ्याला पंचेचाळीस म्हणायचं सोडून चाळीस, हा कारभार एका आगरी माणसाने जिवाला लावून घ्यावा याला काही कारण नव्हतं. केसरीनाथने लावून घेतला. एवढ्यावरच भागलं असतं तर ही गोष्ट हसत हसत सांगता आली असती.

तो विजेच्या खात्यात होता. भिवंडीतल्या चार मोहल्ल्यांचे खांब, तारा आणि फ्यूज त्याच्या ताब्यात. सायकलच्या दांडीला एक लांब काठी बांधलेली असायची. खांबावरच्या मोठ्या फ्यूजला सगळे डिओ म्हणतात. तो खालून पाडायची आणि परत बसवायची ही काठी. डिओ पाडला की त्याच्यामागचा अख्खा कारखाना ठप्प. त्यामुळे यंत्रमागाच्या या गावात वायरमनला सासुरवाडीसारखा मान. केसरीनाथ गल्लीत शिरला की दोन सेठ तरी "या केसरीभाऊ, चहा घ्या" म्हणून खुर्ची पुढे करायचे.

हा गडी डावखुरा. लहानपणी डावा हात ताटाला लागला की आई, सीताबाई, उलथन्याने फटका द्यायची. डाव्या हाताने जेवणारं पोर चारचौघांत कसं न्यायचं, हा तिचा घोर. फटके खाऊन खाऊन जेवण उजव्या हातावर आलं, काठी मात्र डाव्यातच राहिली, आणि डाव्या हाताची लाज म्हणाल तर ती चाळिशीपर्यंत गेली नव्हती.

चौऱ्याऐंशी साली तो दाऊदच्या घरी मीटर बदलायला गेला. दाऊद कोकणी मुसलमान, साइझिंगमधला नावाजलेला कारीगर. साइझिंग म्हणजे जिथे ताण्याच्या सुताला गरम खळ पाजतात, तापलेल्या पिंपांवरून ते वाळवतात आणि मागावर चढवण्यासाठी गुंडाळतात. दाऊदच्या हाताखालचं सूत मागावर तुटत नाही, अशी त्याची ख्याती. त्याचा मामा कुवेतला एका क्लबात कामाला होता; त्याने रंगीत टीव्हीही पाठवला होता आणि टेनिसची गोडीही. केसरीनाथ मीटरचे स्क्रू पिळत होता, तेव्हा टीव्हीवर हंगेरीची एक उंच मुलगी खेळत होती. नाव इलोना साबादी. बॅट तिच्या डाव्या हातात होती.

"आरं, ही तं डाव्या हातानं खेलतंय!" केसरीनाथ म्हणाला.

"डाव्या हातानंच खेलते. बैस," दाऊद म्हणाला.

तो बसला. पंचाने समोरचीचा एक चेंडू बाहेर दिला. तो आत पडला होता, हे इलोनाने पाहिलं होतं. तिने काही न बोलता पुढचा चेंडू मुद्दाम जाळीत मारला आणि फुकट मिळालेला गुण परत करून टाकला. सामना ती हरलीच. दाऊद चुकचुकला. केसरीनाथ मात्र पिळायचे स्क्रू हातात घेऊन तसाच बसून राहिला, आणि मीटर त्या दिवशी संध्याकाळी लागलं.

तिथून त्याचं वेड सुरू झालं. रद्दीवाल्याकडून इंग्रजी पेपर आणायचे आणि त्यातलं इलोनाचं नाव शोधायचं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण तिच्या नावाची अक्षरं तो भाताच्या राशीतला खडा ओळखावा तशी ओळखायचा. मग ते कात्रण दाऊदकडे न्यायचं. ती जिंकली की हरली ते दाऊद सांगायचा. बहुतेक वेळा हरलेलीच असायची. तिसऱ्या फेरीच्या पुढे ती कधी गेली नाही, तरी चैत्रात सगळे एकवीरेला निघाले की हा कार्ल्याच्या डोंगरावर तिच्या नावाचा नारळ फोडायचा. हंगेरी कुठे आहे हे एकवीरा आईला ठाऊक असो वा नसो, याला तरी कुठे ठाऊक होतं!

बायको हौसा म्हणायची, "माज्या नावाचा नारल कवा फोरलाव? ती काय भाकऱ्या भाजून देतंय?" पण तिच्या बोलण्यात विनोद होता. गावातल्या लोकांच्या बोलण्यात तो नव्हता. केसरीनाथ आखूड झग्यातल्या गोऱ्या बाईच्या तंगड्या बघायला मुसलमानाच्या घरी जाऊन बसतो, असं पारावर बोललं जायचं, आणि महादू नावाचा त्याचा चुलतभाऊ ते त्याच्या तोंडावर बोलायचा. केसरीनाथ मान खाली घालायचा. तिच्या डाव्या हाताबद्दल सांगायची त्याला लाज वाटे, न सांगितलं तर लोक भलतंच समजतात याचीही लाज वाटे. मोकळेपणाने बोलायला एक दाऊदच होता. दोघांची दोस्ती म्हणजे इलोनाच.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनअखेरीस आक्रीत झालं. विम्बल्डनला इलोना क्वार्टर फायनलला पोचली. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला सामना दाखवणार होते. दाऊदची आठपर्यंत ड्युटी. तो म्हणाला, "मना सुट्टी न्हाय मिळत. तू घरी जाऊन बघ. आनि एकेक बॉल ध्यानात ठेव, रातीला सगला सांगायचा."

केसरीनाथचीही ड्युटी आठपर्यंतच होती. पण वायरमनची ड्युटी म्हणजे रानातलं ढोर, कोण बघतंय. पाऊस भुरभुरत होता. सहा वाजताच तो दाऊदच्या घरी जाऊन बसला. दाऊदचे म्हातारे वडील, रहमतुल्लाचाचा, खाटेवर. दाऊदची बायको जुबैदा आत चहा करत होती. नऊ वर्षांची बिल्किस टीव्हीसमोर मांडी ठोकून.

पहिला सेट इलोना हरली. दुसरा सुरू झाला आणि टीव्हीचं चित्र आक्रसायला लागलं. कडांना काळे पट्टे आले, बायका बुटक्या झाल्या, चेंडू दिसेना. स्टॅबिलायझर टकटक करून बंद पडायचा, परत लागायचा.

"साइझिंगचा लोड हाय बेटा," रहमतुल्लाचाचा म्हणाले. "आठ बजे मशीन बंद होगी तवा येल साफ."

आठपर्यंत सामनाच संपून जाणार होता. तीन-तीन अशी बरोबरी, इलोनाची सर्व्हिस. केसरीनाथ उठला. "आलो पाच मिनटांत," म्हणाला, सायकलची काठी सोडली, गल्लीच्या टोकाला साइझिंगच्या एकट्याच्या ट्रान्सफॉर्मरपाशी गेला आणि डाव्या हाताने तिन्ही डिओ पाडले. कारखान्याची घरघर थांबली.

आता हे बघा. साइझिंगची वीज घालवायची तर आधी निरोप द्यायचा, हा भिवंडीतला शिरस्ता. पोरसवदा वायरमनही तो पाळतो. निरोप मिळाला की कारीगर वाफ बंद करतो, सूत पिंपांवरून उचलतो आणि मग म्हणतो, हां, घालव. निरोप न देता वीज गेली तर ओलं सूत तापलेल्या पिंपावर उभं राहतं, चिकटतं, करपतं. हे केसरीनाथला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? वीस वर्षं तो हेच निरोप देत आला होता. निरोप द्यायला गेलं तर दाऊद विचारणार, का घालवतोस, आणि वाफ उतरेपर्यंत पाव तास जाणार. सूत तेवढं काही करपणार नाही, दाऊद आहे तिथे, तो सांभाळून घेईल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि तो पळत घरी आला.

चित्र आरशासारखं लख्ख. बिल्किसने टाळ्या वाजवल्या. इलोनाने दुसरा सेट घेतला, तिसराही घेतला. शेवटचा चेंडू पडला तेव्हा केसरीनाथ उभा राहून रडत होता आणि रहमतुल्लाचाचा त्याची पाठ थोपटत होते. आयुष्यात त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता, स्वतःच्या लग्नातही नाही.

तेवढ्यात कारखान्याचा माणूस त्याला शोधत सायकलवर गल्लीत आला. केसरीनाथ गेला, फ्यूज तपासल्यासारखं केलं, तार बदलल्यासारखं केलं आणि डिओ चढवले. सेठने चहा मागवला. तो चहा तो प्यायला. मग आत गेला.

आत करपल्याचा वास होता. दाऊद आणि दोन मदतनीस पात्यांनी पिंपावरचं सूत खरवडून काढत होते. दाऊदचे हात कोपरापर्यंत खळीने माखलेले, बोटांवर फोड आलेले. त्याने वर पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "जितली काय रे?"

"मना काय ठाव," केसरीनाथ म्हणाला. "मी ड्युटीवर व्हतो."

हे शब्द तोंडातून कसे निघाले, याचा विचार तो पुढे वर्षानुवर्षं करत राहिला. दाऊद घरी गेला की बाप सांगणार, केसरी इथेच होता, मधेच पाच मिनिटं बाहेर गेला आणि टीव्ही साफ झाला. एवढंही भान त्याला राहिलं नव्हतं. ते आलं अंजूरच्या वाटेवर, आणि तो सायकलवरून उतरून चिखलात उभा राहिला. तरी मागे फिरला नाही. त्याआधी ऑफिसात जाऊन तक्रारवहीत तो लिहून आला होता: पार्टीने जादा लोड टाकल्याने डिओ उडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठने कारखान्याच्या अंगणात सगळ्यांसमोर दाऊदला उभं केलं. आठवडाभराचं सूत, तेही परक्या व्यापाऱ्याचं, वाया गेलं होतं. दोन्ही मशीन एकदम लावायच्या नाहीत, असा सेठचा हुकूम. मग जादा लोड कुठून आला? दाऊद म्हणाला, दुसरी मशीन लावलीच नव्हती. सेठ म्हणाला, "मग सरकारी वही झूठ बोलते? झोपला असशील. एक मशीन पुरी न झाली म्हणून दोन्ही लावल्या असशील."

केसरीनाथ फाटकाबाहेर सायकल धरून उभा होता. दाऊदने त्याच्याकडे एकदा पाहिलं. केसरीनाथने सायकलच्या चेनकडे पाहिलं. मग कोणी तरी मागून ओरडलं, "सूतजाळ्या!" आणि कामगार हसले. दाऊद मान वर ठेवून फाटकातून बाहेर पडला आणि केसरीनाथच्या बाजूने निघून गेला.

भिवंडीत माणूस चोरी करून सुटतो, पण सूत जाळणाऱ्या कारीगराला कोणी मशीनला हात लावू देत नाही. दाऊद चार-पाच साइझिंगांत गेला. नाव सांगितलं की सेठ हसायचे. शेवटी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये तो ट्रकमधला माल उतरवायला लागला. बिल्किसला शाळेत सूतजाळ्याची पोर म्हणायचे. ते तिने घरी सांगितलं नाही, केसरीनाथने मात्र गल्लीत वीज दुरुस्त करताना खांबावरून ऐकलं.

इलोनाचा पुढचा सामना त्याने पाहिला नाही. ती जिंकली की हरली, हे त्याने कधी विचारलं नाही. कात्रणांची पिशवी त्याने खाडीत टाकली. पेपरात तिचं नाव दिसलं तर तो पान उलटायचा, कारण फुकटचा गुण परत देणारी ती बाई डोळ्यांसमोर आली की त्याला घास गिळवत नसे. महादू म्हणाला, "सुटला रं तुजा नाद, बरं झालं." हौसालाही बरंच वाटलं. त्याला मात्र वाटायचं, पारावर बसून लोकांनी पुन्हा तंगड्यांवरून चिडवावं. ती लाज परवडली असती.

आणि तरीही तो दर ईदेला दाऊदच्या घरी जायचा. न जावं तर संशय येईल, ही भीती होती; आणि जाऊन बसलं की आपण अजून दोस्तच आहोत असं वाटायचं. दाऊद त्याला मिठी मारायचा, तब्येत विचारायचा. टेनिसचं नाव कोणी काढायचं नाही. रहमतुल्लाचाचा स्वतःच्या हाताने शिरखुर्म्याची वाटी भरून द्यायचे आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहायचे. कोणी काही विचारत नाही, म्हणजे कोणाला काही माहीत नाही, असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं. नऊ ईदा अशा गेल्या. मधल्या एका वर्षी चाचा वारले. केसरीनाथने कबरीवर मूठभर माती टाकली आणि घरी येऊन तो दोन दिवस जेवला नाही.

सत्त्याण्णव साली एका गुरुवारी तो चहाच्या टपरीवर बसला होता. शेजारी पडघ्याकडची दोन माणसं मुलासाठी मुलगी बघायला आलेली. टपरीवाल्याला पत्ता विचारत होती.

"कोन दाऊद? सूतजाळ्या दाऊद?" टपरीवाला म्हणाला आणि त्याने सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली. ड्युटीवर घोरत पडला, सेठला डुबवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पत्त्याचा कागद खिशात घातला आणि एसटी स्टँडची वाट विचारली.

केसरीनाथने कप खाली ठेवला आणि सायकल थेट काल्हेरला हाणली. दाऊद गोडाऊनच्या दारात गोणपाट खांद्यावर टाकून उभा होता. दाढी पांढरी झालेली. केसरीनाथ हातही न जोडता म्हणाला, "डिओ मी पाडले व्हते. उडाले न्हवते. इलोनाची मॅच दिसना म्हून मी पाडले."

"मालूम हाय," दाऊद म्हणाला.

"कवापासून?"

"त्याच रातीला. अब्बांनी सांगितलं, केसरी येऊन पाच मिनटं बाहेर गेलता."

केसरीनाथला बसावंसं वाटलं, पण बसायला काही नव्हतं. "मग सेठला का न्हाय सांगलंस?"

"तू फाटकात उभा होतास. मना वाटला आता तू बोलशील." दाऊदने गोणपाट झटकलं. "मी बोललो असतो तर तुजी सरकारी नोकरी गेली असती. तू बोलला असतास तर साहेबानं चार दिवस घरी बसवला असता. म्हनून थांबलो. मग दुसऱ्या दिवशी थांबलो. मग आदत झाली."

केसरीनाथ रडायला लागला. दाऊदने त्याला रडू दिलं, जवळ आला नाही. मग म्हणाला, "माज्यासमोर रडून काय होनार? उद्या जुम्मा हाय, मी घरी हाय. घरी येऊन बोल."

शुक्रवारी केसरीनाथ गेला. पाहुणे आलेच नाहीत, हे घराला आदल्या दिवशी कळलेलं होतं. बिल्किस अठरा वर्षांची. कोपऱ्यात मशीनवर काही तरी शिवत होती, हात थांबले होते. जुबैदाने पाणी आणून ठेवलं. केसरीनाथ उभ्यानेच बोलला. डिओ, निरोप, तक्रारवही, सेठचा चहा, जितली काय रे, सगळं. काही गाळलं नाही. बोलून झाल्यावर वाटलं, आता ही बाई ओरडेल, शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल.

जुबैदा ओरडली नाही. ती म्हणाली, "आमाला मालूम होतं केसरीभाऊ. घरात सगल्यांना मालूम होतं, या पोरीला पन. ती तवा टीवीसमोर बसलेली."

बिल्किसने मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला.

"तुमी ईदेला यायचेत," जुबैदा म्हणाली, "तवा सकालपासून अब्बा बोलायचे, आज केसरी बोलेल. वाटी तुमच्या हातात देऊन समोर बसायचे. तुमी गेलेत की बोलायचे, पुढच्या ईदेला बोलेल. घरी आलेल्या मानसाला आपन कसा विचारायचा? जायच्या वर्साला उठवत नव्हतं, तरी खाट बाहेर आनायला लावली."

नऊ वर्षं केसरीनाथला वाटत होतं, आपण या लोकांना फसवतोय. ते त्याचं खोटं त्याच्याइतकंच जपत होते, आणि दरवर्षी ते टाकून द्यायची संधी वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवत होते. त्याने ती चाटूनपुसून खाल्ली होती.

"मी काय करू, सांगा," तो म्हणाला.

बोलली बिल्किस. "आमाला सांगून काय, काका? आमी कवा सूतजाळ्या बोललो?"

बाहेर नमाज सुटली होती. माणसं टोप्या खिशात घालत टपरीवर जमत होती. बाकड्यांवर जागा नव्हती. केसरीनाथ त्यांच्यात जाऊन उभा राहिला. त्यातले निम्मे त्याला खुर्च्या देणारे होते. कोणी तरी हाक मारली, "या केसरीभाऊ, चहा घ्या." त्याने मान हलवली आणि सांगायला सुरुवात केली. आवाज पहिल्या रांगेपलीकडे कोणाला ऐकू गेला नाही. मागच्या बाकड्यावरून एका म्हाताऱ्याने कानाला हात लावला.

"जरा जोरसे बोलो भाई. कोनी पाडले?"

केसरीनाथने त्याच्याकडे तोंड केलं आणि परत पहिल्यापासून सांगितलं.